बेरित ओस आणि यादीतली खोडाखोड (नॉर्वे, १९७१ आणि पुढे)

पोफळी

बेरित ओस सप्टेंबर २०२४मध्ये गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. नॉर्वेतली राजकारणातली बाई म्हटलं की आपल्याला पंतप्रधान झालेल्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड आठवतात आणि यादी तिथेच संपते. म्हणून हा धागा.

कागदावर मांडली तर ओसबाईंची कारकीर्द अगदीच आटोपशीर दिसते. जन्म १९२८, फ्रेड्रिकस्ताद. विषय सामाजिक मानसशास्त्र. ऑस्लो विद्यापीठात शिकवलं, उशिरा का होईना तिथेच प्राध्यापक झाल्या. मजूर पक्षाकडून आस्केर नगरपालिकेत. १९७३ ते १९७७ आकेर्सहुस जिल्ह्यातून संसदेत, म्हणजे स्टॉर्टिंगमध्ये. १९७५ साली ट्रोंडहाइमला समाजवादी डावा पक्ष (सगळे त्याला एसव्ही म्हणतात) स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. १९७६ला अध्यक्षपद बेर्गे फुरे यांच्याकडे. १९७७च्या निवडणुकीत पक्ष १६ जागांवरून थेट २ वर. राजकीय पत्रकाराला विचाराल तर तो 'पडेल' म्हणून मोकळा होईल.

मला ते पटत नाही. खुर्चीत किती वर्षं काढली हे मोजून या बाईंचा हिशोब लागत नाही. त्यांची पकड होती ती कामकाजावर. मतपत्रिका कशी मोजतात, सभेत कोण कोणाला बोलू देतं, महत्त्वाचा कागद आधी कोणाच्या हातात पडतो. तत्त्वज्ञानावर तासन्‌तास बोलणारे डावे तेव्हा युरोपभर पोत्याने होते. या बारीक गोष्टींकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने बघणारं माणूस मात्र विरळा.

१९७१ची गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती मजेदार आहे.

नॉर्वेत नगरपालिकेला मत देतात ते पक्षाच्या यादीला. पण तेव्हा मतदाराला यादीत बरीच ढवळाढवळ करता यायची. एखादं नाव खोडता यायचं, एखाद्या उमेदवाराचं वजन वाढवता यायचं, दुसऱ्या पक्षाच्या यादीतलं नाव आपल्या यादीत लिहिता यायचं. वर्षानुवर्षं याचा फटका बायकांनाच बसत होता. पक्ष शोभेला एकदोन बायका यादीत घालायचे आणि मतदार घरी बसून त्यांच्यावरच काट मारायचे. १९६७ला देशभरातल्या नगरपालिकांमध्ये बायका १० टक्क्यांच्याही आत होत्या.

१९७१ला बायकांनी हाच नियम उलटा वापरला. पक्ष कोणताही असो, आपल्या पक्षाची यादी घ्या, त्यातले पुरुष खोडा, बायकांचं वजन वाढवा. गाजावाजा न करता, स्त्रीसंघटनांमधून, ओळखीपाळखीतून हा निरोप फिरला. निकाल लागला तेव्हा ऑस्लो, ट्रोंडहाइम आणि आस्केर या तीन ठिकाणी सभागृहात बायकांचं बहुमत! आस्केरमधल्या आखणीत बेरित ओस पुढे होत्या. वर्तमानपत्रं हादरली. लोकशाहीचा गैरवापर झाला, पुरुषांवर अन्याय झाला, अशी ओरड सुरू झाली. इतकी वर्षं बायका खोडल्या जात होत्या तेव्हा हा गैरवापर कोणाच्या लक्षात आला नव्हता.

देशाची सरासरी तेव्हाही जेमतेम १५ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे तीन गावं जिंकली, बाकी देश होता तिथेच. तरी ही तीन गावं पक्षांच्या डोक्यात पक्की बसली.

पुढच्या वर्षी युरोपीय समुदायात जायचं का यावर सार्वमत झालं. मजूर पक्षाचे पंतप्रधान त्रिग्वे ब्रात्तेली 'हो'च्या बाजूला. पक्षातलाच एक गट 'नको' म्हणत उभा राहिला. त्यांच्या कामगार चळवळीतल्या माहिती समितीत ओसबाई पुढे होत्या. २५ सप्टेंबर १९७२ला ५३.५ टक्के लोक 'नको' म्हणाले. ब्रात्तेलींनी राजीनामा दिला आणि बंडखोरांना मजूर पक्षात जागा उरली नाही. समितीचाच १९७३ला 'लोकशाही समाजवादी' असा छोटा पक्ष झाला, ओसबाई त्याच्या प्रमुख. समाजवादी जनता पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्याबरोबर आघाडी करून त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी ११.२ टक्के मतं आणि १६ जागा मिळवल्या. त्याच आघाडीतून एसव्ही निघाला.

सभेत बायकांना दडपण्याच्या ज्या पाच युक्त्या ओसबाईंनी मांडल्या, त्या 'सत्तातंत्रां'बद्दल खाली लिहीन. आत्ता हात दुखला.

---

वाळवी

छान. पण वरचे डावे पक्ष डोक्यात कालवले गेले. कोण कुठून आलं?

---

पोफळी

थोडक्यात: समाजवादी जनता पक्ष १९६१चा, नाटो आणि अण्वस्त्रांना विरोध म्हणून मजूर पक्षातून फुटलेला, फिन गुस्ताव्सेन वगैरे मंडळी. लोकशाही समाजवादी १९७३चे, युरोपच्या प्रश्नावर फुटलेले, ओसबाईंचे. कम्युनिस्ट त्याआधीचे. तिघांनी मिळून एक पक्ष करायचं ठरलं, आयत्या वेळी कम्युनिस्ट पक्ष बाहेर राहिला. माओवादी सुरुवातीपासूनच वेगळे आणि या सगळ्यांवर नाराज.

---

जुनाजाणता

पोफळीताई, तुम्ही 'नॉर्वेच्या पहिल्या स्त्री पक्षप्रमुख' असं लिहायचं टाळलंत ते बरं केलंत. बऱ्याच ठिकाणी ते बिनधास्त लिहिलेलं असतं. १९७४ला व्हेन्स्त्रे या जुन्या उदारमतवादी पक्षाने एवा कोल्स्ताद यांना अध्यक्ष केलं होतं, एसव्हीच्या एक वर्ष आधी. १९७३चा छोटा पक्ष धरला तर ओसबाई पहिल्या, मोठा पक्ष धरला तर कोल्स्ताद. ज्याला जे सोयीचं तो ते सांगतो.

कोल्स्तादबाई स्त्रीहक्कांच्या चळवळीतल्या, पण डाव्या मुळीच नव्हत्या. १९६७ला नगरपालिकांत जास्त बायका निवडा म्हणून जी मोहीम झाली त्यात उदारमतवादी बायकांचा मोठा हात होता. १९७१ एका रात्रीत घडलं नाही, आणि ते फक्त समाजवाद्यांचंही नव्हतं.

---

पोफळी

काका, बरोबर. आणि म्हणूनच ते जमलं. उजव्या पक्षाच्या बाईने उजव्या यादीतले पुरुष खोडले, डाव्या बाईने डाव्या यादीतले. कोणालाच आपला पक्ष सोडावा लागला नाही.

---

फ्योर्डकाठ

आस्केरमधून हजेरी :) ऑस्लोहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं. डबा घेऊन सकाळी शहराकडे पळणाऱ्यांचं गाव, घरं महाग, मतदार बहुतेक उजवीकडे झुकलेले. असल्या गावात १९७१ला हे झालं यावर आज चटकन विश्वास बसत नाही.

इथे तीन वर्षं सलग राहिलं की परदेशी नागरिकालाही नगरपालिकेला मत देता येतं. त्यामुळे २०२३च्या सप्टेंबरात मीही दिलं. यादी हातात घेतली की नावांपुढे चौकटी असतात, आवडत्या उमेदवाराला जादा मत म्हणून खूण करायची. दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारांची नावंही लिहिता येतात. खोडता मात्र कोणालाच येत नाही.

---

वाळवी

म्हणजे बायकांनी एकदा वापरल्यावर नियमच बदलला? सोयीचं आहे.

---

जुनाजाणता

इतकं सरळ नको घ्यायला. खोडण्याची मुभा राहिली असती तर पुढच्या खेपेला पुरुष मतदारांनी बायका खोडल्याच असत्या, कारण आधीची सवय तीच होती. फक्त जादा मत ठेवलं तर निदान कोणाचं नुकसान ठरवून करता येत नाही. माझ्या मते बायकांचा त्यात तोटा नाही.

---

वाळवी

तोटा नाही हे खरं असेल. वेळ मात्र बोलकी आहे.

---

पोफळी

आता सत्तातंत्रं. नॉर्वेजियनमध्ये 'हेर्स्केटेक्निक'. ही कल्पना मुळात ओसबाईंची नव्हे, इंग्याल्ड निसेन या अभ्यासकाने १९४५मध्ये ती मांडली होती. ओसबाईंनी तिला बायकांच्या अनुभवावर घासून पाच प्रकार पाडले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ते भाषणांतून, लेखांतून मांडत राहिल्या.

अदृश्य करणं. बाई बोलायला उभी राहिली की शेजारचा कागद चाळतो, पलीकडचा पाइप पेटवतो, तिसरा कॉफी आणायला उठतो. दहा मिनिटांनी तीच सूचना एखादा पुरुष मांडतो आणि इतिवृत्तात त्याचं नाव जातं.

हास्यास्पद ठरवणं. हे वेगळं सांगायला नको.

माहिती दाबून ठेवणं. निर्णय बैठकीत होत नाही, आधीच्या रात्री जेवणावर किंवा सौनात होतो. बैठकीत आलेल्या बाईला चर्चा संपल्याचंही माहीत नसतं. मला पाचांतला हा सगळ्यात धारदार वाटतो, कारण यात कोणी वाईट वागलेलं दिसतच नाही.

दुहेरी शिक्षा. सभेला आली तर पोरं टाकून आली, न आली तर राजकारणाबद्दल गंभीर नाही. हळू बोलली तर कच्ची, ठाम बोलली तर कजाग.

दोष आणि लाज माथी मारणं. वरचे चार प्रकार सोसून झाल्यावर तिलाच विचारायचं, तू नीट तयारी का केली नाहीस?

नंतर त्यांनी आणखी दोन जोडले. बाईला वस्तू म्हणून पाहणं, आणि हिंसा किंवा हिंसेची धमकी.

हा चिंतनातून निघालेला सिद्धान्त कमी आणि सभागृहात बसून केलेलं निरीक्षण जास्त आहे. समूहात माणसं कशी वागतात हा त्यांचा पेशाच, आणि नगरपालिका, संसद, पक्षाची कार्यकारिणी या तिन्ही प्रयोगशाळा आयत्या मिळालेल्या.

---

चिंचोका

दुहेरी शिक्षा वाचून दोन मिनिटं शांत बसले. ऑफिसात माझ्या मूल्यमापनात एका वर्षी 'पुढाकार कमी' आणि पुढच्या वर्षी 'फार आक्रमक' असं आलं होतं. साहेब तोच.

---

निंबोणी

+१ चिंचोका.

पोफळी, यावर उपायही सांगितलेत का त्यांनी, की नुसतं निदान?

---

पोफळी

ओसबाईंचं म्हणणं असं की निदान हाच निम्मा उपाय. प्रकार ओळखता आला की तो स्वतःचा दोष वाटत नाही, आणि सभेत दोघीतिघींना एकाच वेळी ओळखता आला तर तो चालत नाही. उत्तरं पुढे इतरांनी रचली. स्टॉकहोम विद्यापीठातल्या एका गटाने २००४च्या सुमारास प्रत्येक तंत्राला एकेक प्रत्युत्तर मांडलं. अदृश्य करत असतील तर जागा घ्या, मध्येच थांबा आणि लोक बघेपर्यंत बोलू नका. खिल्ली उडवली तर हसू नका, शांतपणे विचारा, 'म्हणजे नक्की काय म्हणायचंय?' माहिती दाबली तर सगळे पत्ते टेबलावर मागा. असं.

स्वीडनमध्ये तर हा शब्द आता रोजच्या बोलण्यात आहे, नॉर्वेपेक्षाही जास्त असं म्हणतात.

---

वाळवी

इथेच माझी हरकत. स्कँडिनेव्हियात यावर वादही झालेत. आज कोणीही कोणालाही 'हे सत्तातंत्र आहे' असं म्हणून गप्प बसवतो. मंत्र्याला अवघड प्रश्न विचारला की मंत्री म्हणतो माझ्यावर सत्तातंत्र वापरलं. मुद्दा खोडून काढायचा नसेल तर बोलणाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवा, झालं. दुसऱ्याला दोष आणि लाज माथी मारण्याचं याहून सोपं साधन कुठलं?

शिवाय प्रत्येक हसणं म्हणजे खिल्ली नसते. एखादीचं भाषण खरंच कंटाळवाणं असू शकतं. कागद चाळणारे पुरुषांच्या भाषणातही चाळतात.

---

पोफळी

चाळतात. पण किती? ओसबाईंचा आग्रह मोजण्यावर होता. एका सभेत एकदा घडलं तर तो योगायोग, दहा सभांत बायकांच्याच वेळी घडलं तर ती पद्धत. तुम्ही म्हणता तो दुरुपयोग होतो हे मान्य. पण त्यांनी हे दुबळ्या गटाला वरच्या गटाचं वागणं वाचता यावं म्हणून लिहिलं. मंत्र्याने ते पत्रकारावर उगारलं तर तो मंत्र्याचा आगाऊपणा.

---

वाळवी

'दुबळा गट कोणता' हे ठरवणार कोण, हा प्रश्न राहतोच. असो. इथे आपलं जमणार नाही.

---

आडसर

मी जरा उशिरा आलो. मला यातलं 'समाजवादी' कुठे गेलं ते कळत नाहीये. आतापर्यंतची सगळी चर्चा सभागृहात बसणाऱ्या बायकांची आहे. मासळीच्या कारखान्यात काम करणारीला पाच तंत्रं घेऊन काय करायचं होतं? त्या काळात नॉर्वेत डाव्या स्त्रीसंघटनांमध्ये हाच वाद होता. 'क्विनेफ्रोंतेन' १९७२ची, ती वर्गाचा प्रश्न पुढे ठेवायची. नवस्त्रीवादी मंडळी १९७०ची, त्यांचा भर घर, शरीर, नातेसंबंध यांवर.

---

पोफळी

चांगला प्रश्न. ओसबाई या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि म्हणून दोन्हीकडच्यांना थोड्या खटकायच्या. त्या 'स्त्रीसंस्कृती' असं काही वेगळं असतं असं मांडायच्या. बायकांचं काम, त्यांचा वेळ, त्यांची हत्यारं, त्यांचं एकमेकींशी बोलणं यांची एक स्वतंत्र व्यवस्था आहे, ती पुरुषांच्या अर्थशास्त्रात मोजलीच जात नाही. कट्टर मार्क्सवाद्यांना हे हवेतलं वाटायचं. मलाही त्यातला काही भाग फार मोकळाढाकळा वाटतो, सगळ्या बायकांची एकच संस्कृती कशी असेल?

पण बिनपगारी घरकाम मोजा, ही मागणी समाजवादीच आहे की. श्रम कोणाचे आणि फळ कोणाला, हाच तर प्रश्न.

युरोपविरोधही तसाच. 'नको'वाल्यांमध्ये शेतकरी होते, मच्छीमार होते, उत्तरेकडचे लोक होते. १९९४ला पुन्हा सार्वमत झालं तेव्हा ५२.२ टक्के 'नको' आले आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. सरकारी दवाखाने, शाळा, पाळणाघरं हीच त्यांची नोकरी आणि हाच त्यांचा आधार. बाजाराच्या नियमांखाली ते जाईल ही भीती.

---

फ्योर्डकाठ

पाळणाघरावरून. आज आम्हाला इथे मुलासाठी जागा हक्काने मिळते आणि फीला कमाल मर्यादा आहे. त्या तडजोडीमागे २००३ला एसव्हीचा मोठा जोर होता, तेव्हा पक्ष क्रिस्तीन हाल्वोर्शेन चालवत होत्या. आमच्या बालवाडीत हे कोणाला आठवत नाही, सगळ्यांना वाटतं नॉर्वे पहिल्यापासून असंच होतं.

---

जुनाजाणता

हाल्वोर्शेनचं नाव आलं म्हणून एक यादी देतो. एसव्हीचे अध्यक्ष: ओस १९७५-७६, फुरे १९७६-८३, थेओ कोरित्झिन्स्की १९८३-८७, एरिक सोल्हाइम १९८७-९७ (हो, तेच श्रीलंकेच्या शांतता वाटाघाटींतले), मग हाल्वोर्शेन १९९७-२०१२. बाईने स्थापनेला अध्यक्षपद भूषवलं आणि त्यानंतर दुसरी बाई यायला २१ वर्षं लागली. स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या पक्षात! तुमच्या पाच तंत्रांतलं कुठलं लावायचं ते लावा.

---

पोफळी

हे वाचून हसू आलं, पण खरं आहे. पहिल्या वर्षीचं अध्यक्षपद ही गटातटांची तडजोड होती. समाजवादी जनता पक्षवाले मोठे, ओसबाईंचा गट छोटा. नवीन पक्षाला कोणाच्याच गोटातला न वाटणारा चेहरा हवा होता. मूस ओतून झाल्यावर चेहरा बदलला.

तरी एक गोष्ट त्या पहिल्या दिवसांतून टिकली. एसव्हीने १९७५लाच पक्षाच्या समित्यांत आणि पदांवर दोन्ही लिंगांचे किमान ४० टक्के लोक असा नियम केला. एक वर्ष आधी व्हेन्स्त्रेने केला होता (काका, तुमच्या कोल्स्तादबाई). मजूर पक्षाने तो स्वीकारायला १९८३ उजाडलं. आणि मजूर पक्षाने स्वीकारला म्हणून १९८६मध्ये ग्रो ब्रुंटलांडच्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ बायका आल्या, ज्याचे फोटो जगभर गेले.

ग्रोबाईंचं श्रेय कमी करायचं नाहीये. पण छोट्या पक्षाने नियम करायचा, मोठ्या पक्षाने मतं जातील या भीतीने तो उचलायचा आणि फोटोत मोठा पक्ष यायचा, हे तिथे बऱ्याचदा झालंय.

---

निंबोणी

म्हणजे तिथे संसदेत आरक्षणाचा कायदा नाही? आपल्याकडे महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये ५० टक्के आहे, कायद्याने.

---

जुनाजाणता

नाही. निवडून येणाऱ्या जागांसाठी कायद्याने आरक्षण नाही, प्रत्येक पक्षाचा आपापला नियम. उजव्या होयरे आणि प्रगती पक्षाने असा नियम केलाच नाही. गंमत म्हणजे बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत ४० टक्क्यांचा कायदा मात्र झाला, २००३ला, आणि तो रेटणारा मंत्री होयरेचाच होता.

---

कवडसा

मला त्या बायकांच्या विद्यापीठाबद्दल ऐकायचं होतं. कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

---

पोफळी

ल्योतेन. हेदमार्कमधलं छोटं गाव, ऑस्लोच्या उत्तरेला. १९८३मध्ये तिथे 'क्विनेउनिव्हर्सिते' स्थापन झालं, ओसबाईंच्या पुढाकाराने. बायकांनी बायकांच्या अनुभवावर ज्ञान उभं करायचं, अभ्यासक्रम तसे, शिकवण्याची पद्धत तशी. पदव्या देणारं रूढ अर्थाचं विद्यापीठ ते झालं नाही. पैशाची ओढाताण कायमची. पण नॉर्डलांडमध्ये स्टाइगेनला १९९१ला याच कल्पनेवर दुसरं केंद्र निघालं, ते कुन या नावाने आज समतेच्या क्षेत्रात काम करतं. आणि ल्योतेनच्या कामाचा धागा हामारच्या समता केंद्राकडे गेला.

संसद सुटल्यावरची त्यांची सगळी ताकद इकडे गेली. कोपनहेगन, उप्साला आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथून मानद डॉक्टरेट मिळाल्या, १९९७ला राचेल कार्सन पुरस्कारही.

---

वाळवी

शेवटी माझं मत तेच. विचारवंत म्हणून मोठ्या, राजकारणी म्हणून नाही. १६ वरून २.

---

आडसर

थांबा, ते २ जरा नीट बघू. मी वर टीका केली, पण इथे मी ओसबाईंच्या पक्षाच्या बाजूने आहे.

तेव्हा स्टॉर्टिंगमध्ये १५५ जागा. १९७३ला मजूर ६२ आणि एसव्ही आघाडी १६, मिळून ७८. विरोधात ७७. एका मताचं बहुमत. मजूर सरकारने स्वेच्छेने गर्भपाताचा कायदा आणला. त्याआधी बाईला समितीपुढे जाऊन परवानगी मागावी लागायची. १६ मधले एक खासदार, ओत्तो हाउग्लिन, धार्मिक ख्रिश्चन. ते विरोधात गेले. एक मत फिरलं आणि स्वेच्छेचं कलम पडलं. १९७५ला कायदा सैल झाला, समिती मात्र तशीच राहिली. म्हणजे ओसबाई संसदेत असताना, त्यांच्याच बाकावरच्या माणसामुळे, त्यांच्या चळवळीची सगळ्यात मोठी मागणी हुकली.

१९७७ची निवडणूक. मजूर ७६, एसव्ही २. पुन्हा ७८! या वेळी दोघांपैकी कोणी फुटलं नाही. १९७८ला कायदा एका मताने मंजूर झाला. १२ आठवड्यांपर्यंत निर्णय बाईचा. ती मर्यादा आता २०२५पासून १८ आठवडे झाली आहे.

१६ असताना जे झालं नाही ते २ असताना झालं. तेव्हा आकडा लहान म्हणून पक्ष वाया गेला असं म्हणू नका.

---

वाळवी

हे माहीत नव्हतं. पण १९७८ला ओसबाई संसदेत नव्हत्या, मग श्रेय त्यांना कसं?

---

आडसर

मी श्रेय त्यांना दिलंच नाही. पक्ष उभा नसता तर ती दोन मतं कुठून आली असती, एवढंच म्हणतोय. ७६ मजूरवाले एकटे ७७ समोर हरले असते.

---

चिंचोका

ते दोघं कोण?

---

जुनाजाणता

ऑस्लोमधून स्टाइन ओर्नहोय आणि नॉर्डलांडमधून हान्ना क्वान्मो. क्वान्मोबाईंची कथा तर कादंबरीसारखी आहे. तरुणपणी युद्धात जर्मन रेडक्रॉसची परिचारिका म्हणून पूर्व आघाडीवर, युद्ध संपल्यावर त्यासाठी देशद्रोहाची शिक्षा, मग शिक्षिका, मग डाव्या पक्षाच्या खासदार. संसदेत १६ वर्षं होत्या आणि लोकांच्या अतिशय लाडक्या. पुढे नोबेल शांतता समितीवरही गेल्या.

---

चिंचोका

काय सांगता! पोफळी, यांच्यावर वेगळा धागा हवाच.

---

पोफळी

काका काढतील. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि माझे पेपर तपासायचे पडलेत.

---

जुनाजाणता

काढतो. शिक्षेचा भाग तपासून लिहावा लागेल, तिथे भावनेच्या भरात लोक काहीही लिहितात. पुढच्या आठवड्यात.